पन्नास भुतांचा डबा

रविवारी सकाळी अकरा वाजता करंजदऱ्याच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. भर उन्हात मांडवातल्या ट्यूबलाइटी पेटलेल्या, खांबाला कर्णा बांधलेला, आणि बायांनी एवढा सडा टाकलेला की अनवाणी पायांना चिखल लागत होता. मधोमध चौरंगावर एक डबा होता. डब्याला शेंदूर फासलेला, वर झेंडूची माळ, आणि पुढच्या काचेत लाल आकडे. डब्यातून दोन तारा निघालेल्या. एक जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला, दुसरी पितळी त्रिशूळाला.

"हा डबा न्हवं, कलियुगातला कौल हाय!" गुंडा महाराज कर्ण्यातून गरजत होते. "आमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी ह्याच्याफुडं हात टेकलं! साध्या माणसानं त्रिशूळ धरला तर शून्य. करणीवाल्यानं धरला तर पन्नास. पन्नास भुतं, एका दमात!"

माणसं रांगेनं त्रिशूळ धरत होती. शून्य आलं की सुटकेचा श्वास टाकून डब्याच्या पाया पडत होती. डब्याला पाय नव्हते, ही गोष्ट वेगळी.

मी जीनत मुलाणी. वडूजला एसटी स्टँडमागं माझं मीटर-दुरुस्तीचं दुकान आहे. त्या डब्याकडं बघून माझं डोकं सणकलं, कारण चार दिवसांपूर्वी तो माझ्याच टेबलावर होता.

पप्पू नावाचा चाळिशीचा गृहस्थ तो घेऊन आला होता. "कॉलेजच्या लॅबमधला हाय. नुसतं शून्य दावतोय," म्हणाला. मी उघडला. जुना फ्रीक्वेन्सी काउंटर होता. तारेतून एका सेकंदात विजेचे किती ठोके आले ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. दुरुस्तीची माझी एक रीत आहे: आधी वीज पोचते का बघायचं, मग आतलं घड्याळ चालतं का, मग चिपचा एकेक पाय तपासायचा. बॅटरीतून पाच व्होल्ट बरोबर येत होते. घड्याळही टिकटिकत होतं. मोजणाऱ्या चिपला ठोके पोचत होते, तरी आकडा हलत नव्हता. शेवटी रिसेटचा पाय सापडला. मोजणी पुसून पुन्हा शून्यापासून सुरू करणारा तो पाय. त्याचं डाख, म्हणजे सोल्डरिंग, सुटलं होतं, म्हणून चिप मोजायच्या आधीच सगळं पुसून टाकत होती. मी डाख दिलं, एक तार अर्थिंगला लावली, दुसरी बोटात धरली. पायात रबरी चप्पल होती. आकडा आला पन्नास. माझ्या डोक्यावरून गेलेल्या वायरिंगची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, तेच माझ्या अंगानं उचललं होतं. जमिनीत गेलेला लोखंडी नळ धरला तसं शून्य झालं. डबा ठणठणीत झाला म्हणून मी खुशीत त्याच्या हवाली केला.

आज कळलं, पंधरा दिवस डबा बिघडला होता तेव्हा अख्खा तालुका निष्पाप निघत होता, आणि महाराजांचा धंदा बसला होता. मी एक डाख दिलं आणि करणी परत सुरू झाली.

आणि पहिला नंबर कुणाचा? हरणामावशीचा. साठीची विधवा, एकटी राहणारी, आठ मेंढरं राखणारी. कुणाची मेंढी अडली की रात्र न बघता धावणारी. तिचा पुतण्या नानासो याची अकरा कोकरं दोन दिवसांत मेली होती. आदल्या दिवशी ही बघायला गेली होती, एवढाच पुरावा. पन्नास आलं की तिनं गाव सोडायचं, असं बैठकीत ठरूनही गेलं होतं. वडूजला दिलेली तिची लेक मंगल मला फोनवर रडत म्हणाली, "आक्का, आईची पारख लावलीया. तुमी तरी चला." म्हणून आम्ही दोघी आलो होतो.

"हरणाबाई, फुडं या," महाराज म्हणाले. "संशयित माणूस बिरोबाच्या शपथंवर बसतो. घोंगडी आथरा!"

बाकीचे सगळे ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले होते. हिच्यासाठी मात्र चौपदरी कोरडी घोंगडी. मी बघतच राहिले. वा रे बेट्या! (हा महाराज पूर्वी तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर वायरमन होता, ते मागाहून कळलं.)

मावशी घोंगडीवर बसली. तिनं त्रिशूळ धरला. आकडा आला पन्नास.

मांडवातून एकच आरोळी उठली. मंगलनं हंबरडा फोडला. नानासो खाली बसून ढसाढसा रडायला लागला, आणि मला त्याचाही राग येईना. मला माझाच राग आला होता.

"थांबा!" मी पुढं झाले. "आता म्हाराज बसत्याल."

"कोण गं तू?" महाराज गरजले. डब्याशेजारी त्यांचा चेला म्हणून उभ्या असलेल्या पप्पूनं मला ओळखलं आणि त्याचं तोंड उतरलं. "मुलाण्याची बाई हाय ती! आमच्या देवात हात घालू नगंस!"

"देवाला कुणी हात लावलाय? मी डब्याला लावला हुता, गेल्या बुधवारी. डाख माझंच हाय आत. तूच आणलावतास न्हवं?"

गर्दीत खसखस पिकली. गावचा वायरमन भाऊसो पुढं आला. "खरंच की! म्हाराज, बसा की. तुमाला कशाचं भ्या?"

महाराज बसेनात. मग मीच घोंगडीवर बसले, त्रिशूळ धरला. पन्नास. भाऊसो बसला. पन्नास. शेवटी लोकांनी महाराजांना खांद्याला धरून बसवलं आणि त्रिशूळ हातात दिला. पन्नास!

"एक्कावन्न न्हाई, एकूणपन्नास न्हाई," मी म्हणाले. "भुतं काय सिमेटाच्या पोत्यागत मोजून भरल्यात व्हय? भाऊसो, मेन पाड."

भाऊसोनं देवळाच्या भिंतीवरचा खटका खाली ओढला. ट्यूबा विझल्या, कर्णा गप्प झाला. डबा बॅटरीवर चालत होता, त्याचे आकडे जळतच राहिले. महाराज त्रिशूळ धरून घोंगडीवर तसेच बसले होते, आणि काचेत शून्य आलं.

"वर कर." पन्नास. "पाड." शून्य.

"आता कर्णा न्हाई, तवा माझं ऐका," मी म्हणाले. "डोक्यावर ह्या वायरी हायत. त्यांची वीज सेकंदाला पन्नास हेलकावं खाती, आन त्यातली जराशी माणसाच्या अंगात उतरती. अनवाणी वल्या जमिनीवर उभं ऱ्हायलं की ती जमिनीत जाती. मग शून्य. कोरड्या घोंगडीवर बसलं की ती जात न्हाई. मग पन्नास. पापी कोण ते डबा ठरवत न्हाई. घोंगडी कुणाला द्यायची ते ठरिवणारा ठरवतो."

म्हातारी माणसंसुद्धा माना डोलवायला लागली. महाराज उठून गाडीकडं सरकले, तसं पोलिसांना फोन करून भाऊसोनं त्यांची वाट अडवली. जादूटोण्याच्या विरोधात राज्यात कायदा आहे, तो अशा वेळी वापरायचाच असतो.

नानासो मात्र जागचा हलला नव्हता. "मग माझी कोकरं मेली कशानं, जीनतबाई?"

"मला म्हाईत न्हाई," मी खरं ते सांगितलं. "मी मीटर दुरुस्त करती. एक मेलेलं कोकरू डॉक्टरला दावलं हुतंस का? आंत्रविषाराची लस टोचली हुतीस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. लसीचा दिवस चुकला होता.

कुणीतरी ओरडलं, "हरणाबाई निर्दोष! काढा हार!" डब्याचीच झेंडूची माळ काढून तिच्या गळ्यात घालायला दोघं सरसावले. मावशीनं माळ झिडकारली.

"निर्दोष? ही पोरगी आली न्हाई आसती तर?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नानासो, तुझ्या किती मेंढ्या ह्या हातांनी सोडिवल्या रं? बत्तीस वरीस मला बघतुयास. आन मला बघायचं सोडून त्या डब्याकडं बघितलंस? सांग, हितं समद्यांसमोर सांग, मी तुझी कोकरं मारली?"

नानासोनं डोळे पुसले. मग तो उभा राहिला आणि अख्ख्या गावासमोर मोठ्यानं म्हणाला, "न्हाई, काकी. तू न्हाई मारली."

डबा मी नीट केला होता. त्यात काही खोट उरली नव्हती. खोट होती ती विचारण्यात. माझ्या टेबलावर कुठलंही यंत्र आलं की मी विचारते: वीज कुठून येते, तार कुठं जाते, हा आकडा कशाचा? तेवढेच तीन प्रश्न, बाबांनो, चमत्कार बघताना विचारा. त्याला ना आयटीआय लागतो, ना अमेरिकेचा शास्त्रज्ञ. आणि पुढच्या वेळी घोंगडीवर कुणी दुसरी बाई बसवली, तर मी येईन म्हणून थांबू नका. खटका कुठं आहे ते आता तुम्हालाही ठाऊक आहे.