शाल, श्रीफळ आणि सोमवारची सुट्टी

शनिवारी जगन्नाथ काकांनी फ्लोरिकाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, वर ओटी. माईक लावून, इथल्या, टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या त्यांच्या अख्ख्या मराठी ग्रुपसमोर.

काका आमचे मालक. केटरिंग चालवतात. मी त्यांची व्हॅन ड्राइव्ह करतो, फ्लोरिका पातेली घासते. ती रोमानियाची, रोमा. तिकडे तिच्या लोकांना जिप्सी म्हणून हाकलतात. तिचं घर पाडलं, त्यांना कचरा डेपोशेजारी नेऊन टाकलं, म्हणून तिनं इथे असायलम, म्हणजे सरकारी आश्रय मागितलाय. काकांना कुठल्यातरी व्हिडिओत कळलं की रोमा मूळचे आपल्याकडचे. झालं! "हजार वर्षांनी लेक माहेरी आली!" संध्या काकूंनी डोळे पुसले. सगळ्यांनी सेल्फी काढले. नंतर पातेली कोणी घासली? लेकीनंच. शाल काढून ठेवून.

रविवारी किचनमध्ये ती म्हणाली, "उद्या सुट्टी हवी. कोर्टात माझी केस आहे."

"उद्या गणपती बसतात गं," काका म्हणाले. "मोदकांची एवढी ऑर्डर आहे. जजला सांग, पुढची तारीख द्या."

मी म्हणालो, "काका, हे काय तालुक्याचं कोर्ट आहे? ती गेली नाही तर सरळ डिपोर्टेशनची ऑर्डर निघते."

"तू कधी वकील झालास रे?"

वकील कशाला व्हायला पाहिजे यार? ह्या माणसानं व्हिसा स्टॅम्पिंगसाठी सख्ख्या भावाचं लग्न सोडलं होतं. स्वतःच कौतुकानं सांगतो.

फ्लोरिकानं हात पुसले. "मिस्टर जगन्नाथ, मी इटलीत शेतावर कामाला होते तेव्हा तिथला मालकही असंच बोलायचा. फक्त आधी नारळ द्यायचा नाही."

मला हसू फुटलं. काकांना नाही.

"उद्या नाही आलीस तर परत येऊच नकोस."

सोमवारी सकाळी मी मोदक भरले आणि व्हॅन आधी तिच्या दारात नेली. डॅलसला पोचलो, ती पळत आत गेली, तेवढ्यात काकांचा फोन.

"आरती खोळंबलीय! मोदक कुठेत?"

"कोर्टासमोर."

पुढची भाषा सणासुदीला लिहिण्यासारखी नाही.

दुपारी ती बाहेर आली. जजनं ऐकून घेतलं, पण निकाल दिला नाही. केस जिवंत आहे. मोदक पोचवले, गारढोण. काकांनी दारातच किल्ली काढून घेतली. तिचीही नोकरी गेली.

पुढची सुनावणी मार्चमध्ये आहे. नवीन मालक भेटला की पहिल्याच दिवशी सांगणार म्हणते, सुनावणीच्या दिवशी मी येणार नाही.