पुढून उघडणारा झगा

धाकटीने कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे कपाट आहे की वखार?"

थोरली पलंगाच्या कडेला बसून होती. कपाटात एका बाजूला कामावरच्या राखाडी पँटी आणि शर्ट. कितीही धुतले तरी त्यांच्या शिवणीत प्लास्टरची पांढरी भुकटी राहायचीच. थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे, ती मेणात एकेक दात बसवायची, कवळी घडवून घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवायची. कपाटाच्या दुसऱ्या बाजूला समारंभाचे जड कपडे, प्लास्टिकच्या पिशव्यांत. मधल्या जागेत नुसते हँगर.

तिथे नवऱ्याचे कपडे असायचे. थंडीच्या दिवसांत तो घर सोडून दुसऱ्या एका बाईबरोबर राहायला गेला होता. एका सकाळी चहा पिता पिता त्याने सगळं सांगून टाकलं. थोरली "बरं" म्हणाली आणि कप विसळायला उठली. जाताना तो आपल्या आईलाही घेऊन गेला. लग्न झाल्यापासून सासूबाई यांच्याकडेच होत्या, पण आई त्याची होती, त्यात बोलण्यासारखं काय होतं? तेव्हाही थोरलीच्या तोंडून ब्र निघाला नाही. लोक म्हणाले, बाई मोठी खंबीर. खंबीर कसली! दाताच्या डॉक्टरने भूल दिली की ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिला अंगभर झालं होतं, आणि उतरायचं नाव नव्हतं.

"ऊन काय पडलंय बघ बाहेर," धाकटी म्हणाली. "तुला एक सनड्रेस घेऊ. सुती, मोकळा, कुठेही चालेल असा."

"कुठेही म्हणजे कुठे?"

"म्हणजे कामावर ॲप्रनच्या आत चालेल, बाजारात चालेल, बाबांच्या वाढदिवसाच्या जेवणाला चालेल..." धाकटी जरा अडखळली. "आणि कुठे जावं लागलं तर तिथेही."

कुठे ते दोघींना ठाऊक होतं. कोर्टाची तारीख जवळ आली होती.

दुकान लांबट आणि थंडगार होतं. दुकानातली बाई उत्साही निघाली. बघता बघता तिने काउंटरवर कपड्यांचा ढीग घातला. धाकटी एकेक उचलून थोरलीच्या हातात कोंबत होती. थोरली पडद्याआड जायची, घालायची, बाहेर यायची. पिवळा फुलाफुलांचा झाला. पांढरा झाला. मानेमागे बांधायच्या बंदांचा एक झाला, त्यात ती गाठोड्यासारखी दिसत होती, हे धाकटीनेच सांगितलं.

"यात कसं वाटतंय?"

"बसतोय."

"बसतोय ते दिसतंय गं मला. वाटतंय कसं?"

थोरलीने आरशात पाहिलं. आरशातल्या बाईला काय वाटत होतं, तिला खरंच सांगता आलं नसतं. कवळी पहिल्यांदा बसवताना डॉक्टर पेशंटला काय सांगतात, ते तिला आठवलं. कशी दिसते ते नंतर, आधी चावून बघा, बोलून बघा. मग पुढचा झगा घालून ती स्टुलावर बसली, उठली, वाकून चपलेचा पट्टा ओढला, दोन्ही हात वर केले. झगा गडद निळा होता, रुंद पट्ट्यांचा, गुडघ्याखाली जाणारा. गळ्यापासून खालपर्यंत पुढे बटणं आणि दोन्ही बाजूंना खोल खिसे. कुठे काचला नाही, कुठे वर चढला नाही.

"हा," ती म्हणाली.

"निळाच? पिवळ्यात किती उजळ दिसत होतीस."

"याला खिसे आहेत."

धाकटीने सुस्कारा सोडला. मासा गळाला लागला हेच पुष्कळ, रंग कोण बघतो!

मग तो झगा थोरलीच्या अंगावर चढला तो उतरेचना. ती तो घालून कामाला गेली. तोच घालून नळ दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत दाराशी बसली. बाबांच्या वाढदिवसाला वरून पातळ जाकीट चढवलं. बाबा म्हणाले, "छान दिसतेस," आणि तिने त्यांना पाणी वाढलं. धुवावा, वाळवावा, पुन्हा घालावा. काय घालायचं हा रोजचा एक प्रश्न तेवढा मिटला, आणि त्या दिवसांत तिला तेवढंच हवं होतं.

कोर्टातही ती तोच घालून गेली. लाकडी बाकावर नवरा आधीच येऊन बसला होता. दाढी नीट केलेली नव्हती.

"नवीन?" त्याने विचारलं.

"हो."

"चांगला आहे."

आत बोलावलं, सह्या झाल्या. साहेबांनी दोनदा विचारलं, राजीखुशीने ना? दोघांनी हो म्हटलं. इतक्या वर्षांचा संसार चहा गार व्हायच्या आत मोडला. थोरली बाहेर आली, खिशात हात घातले आणि बसस्टॉप कुठल्या बाजूला ते आठवू लागली. तेवढ्यात नवरा मागून आला.

"आई पडली," तो म्हणाला. "बाथरूममध्ये. उजवा खांदा मोडलाय, हात गळ्यात आहे. ऑपरेशन नको म्हणाले, पण हात वर करायचा नाही. कपडे बदलायचे म्हटलं की रडते. मला हात लावू देत नाही, हिलाही नाही." त्याने खाली बघत घसा खाकरला. "तुला सांगायचा मला काही अधिकार नाही, मला कळतं..."

"पत्ता दे," थोरली म्हणाली.

सासूबाई एका लहानशा खोलीत खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. अंगात फाडलेला गाऊन, वरून चादर. केस विंचरलेले नव्हते. सबंध जन्म परीटघडीत काढलेली बाई ती. तिची ही दशा.

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली.

"मला आजच कळलं, आई."

"कळायला काय झालं होतं? मेले सगळे मुखदुर्बळ." मग त्यांची नजर थोरलीच्या अंगावर वरपासून खालपर्यंत फिरली. "हा झगा पुढून उघडतो?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"मग मला हा आण. हा म्हणजे असा. तुझा नको, तुझ्यात मी अर्धीच मावेन."

दुसऱ्या दिवशी थोरली एकटीच दुकानात गेली. तीच उत्साही बाई पुढे आली. "अजून एक? कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी," थोरली बोलून गेली आणि तिने ते दुरुस्त केलं नाही.

आणि मग गंमतच झाली. बाई एकेक काढत होती आणि थोरली फटाफटा बोलत होती. हा नको, याचं कापड मानेला टोचेल, त्यांना मानेवर घाम येतो. हा नको, पांढऱ्यात त्या आजारी दिसतात, आणि त्यांना आजारी दिसलेलं खपत नाही. याची बटणं फार बारीक, डाव्या हाताने लावायचीत. तो जांभळा दाखवा. अजून मोठा. स्वतःच्या वेळी जिच्या तोंडून "बसतोय" पलीकडे शब्द फुटला नव्हता, तिला या म्हातारीच्या अंगाचा इंच न् इंच पाठ होता. तिने दोन्ही हात काउंटरवर घट्ट टेकले. "पाणी देऊ का?" बाईने विचारलं. ती नको म्हणाली.

घरी आणून तिने उजव्या खांद्याची पट्टी उसवली, तिथे टिचबटणं शिवली आणि झगा घेऊन गेली. म्हातारीचा हात न हलवता तिला तो घातला, पट्टी खांद्यावरून आणून टक् करून बसवली, केस विंचरले. त्यानंतर ती कामावरून सुटली की एक दिवसाआड जायची. अंग पुसायची, बटणं लावायची, घरी यायची. घरातली नवी बाई तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी आवरत बसायची. दोघी एकमेकींना "या" आणि "येते" एवढंच म्हणायच्या.

खांदा सुधारत आला तशी एक दिवस म्हातारी म्हणाली, "दार लोटून घे." थोरलीने लोटलं.

"मला इथे करमत नाही. मी तुझ्याकडे येते राहायला. माझी खोली आहेच. पूर्वीसारखं."

थोरली तिच्यासमोर गुडघ्यावर बसून खालचं बटण लावत होती. हो म्हणणं सोपं होतं. आजवर तिने सगळ्यालाच हो म्हटलं होतं, जाणाऱ्याला, कोर्टाला, सगळ्यांना.

"नाही, आई," ती म्हणाली.

"काय?"

"मी येत जाईन. पण राहायला नको."

"माझी अडचण होते तुला?"

"मला एकटीला राहायचंय."

म्हातारीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग येऊ नकोस! ना तू माझी सून, ना मी तुझी सासू. तुला नवरा सांभाळता आला नाही, तो मुळी..." बोलता बोलता तीच थबकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

थोरली जिने उतरून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. छातीत काहीतरी दुखत होतं. आधी तिला वाटलं, भरभर उतरल्यामुळे असेल. पण ते थांबेना. चांगलंच दुखत होतं, ठणकत होतं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. येणारेजाणारे बाजूने वाट काढत होते. तिने रुमालासाठी खिसे चाचपले, नव्हता. मग झग्याच्या काठानेच तोंड पुसलं.

तो आठवडा ती गेली नाही. रविवारी नवऱ्याचा फोन आला. "आई विचारतेय, येतेस का? खाली फिरायला जायचं म्हणते. माझ्याबरोबर नको म्हणते."

गेली तेव्हा म्हातारीने स्वतः दार उघडलं. जांभळा झगा अंगात होता, बटणं एक घर चुकून लावलेली, त्यामुळे एक काठ वर, एक खाली.

"माझा मी घातला," म्हातारी म्हणाली. "बघतेस काय?"

"काही नाही. चला."

इमारतीसमोर एक सिमेंटचा बाक होता. दोघी जाऊन बसल्या. ऊन चढलं होतं. म्हातारीने डाव्या हाताने उजवा खांदा चोळला, मग हात काढून घेतला आणि खांदा तसाच उन्हात उघडा राहू दिला.

"पुढच्या रविवारी येशील?" तिने विचारलं.

"रविवारी नाही जमणार. बुधवारी येईन."

"बुधवारी तर बुधवारी," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.