वाढत्या पानाला पाच जास्त

शेती संशोधन केंद्राच्या काचघरात मक्याची चाळीस रोपं कुंड्यांमध्ये उभी होती, आणि रोज सकाळी नऊला त्यांची पानं मोजायचं काम सूनबाईंचं होतं. नवीन खताने पान किती झपाट्याने लांबतं, एवढाच प्रश्न. गेल्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला आणि डॉक्टरांनी चार दिवस घराबाहेर पडायला बंदी केली. एका दिवसाची मोजणी चुकली तरी सगळं मुसळ केरात.

"मी जातो की," सासरे म्हणाले. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. टेप अजूनही गळ्यातच असायची. "मापं घेण्यात हयात गेली माझी."

केंद्रातल्या साहेबांनीही मान डोलावली. सासरे चार दिवस इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि वळणदार अक्षरात आकडे लिहून आले. ते आकडे बघून साहेब हरखलेच. पहिल्याच दिवशी पानांनी अशी उसळी मारली होती की खत म्हणजे जादूच! त्यांनी वरच्या साहेबांना फोनही ठोकला.

पाचव्या दिवशी सूनबाई लंगडत कामावर आल्या आणि मोजायला बसल्या. सातव्या रोपाचं वरचं पान काल त्रेपन्न सेंटीमीटर होतं, आज एकावन्न. त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा मोजलं. एकावन्नच. आठव्याचं तेच, नवव्याचंही तेच. पान सुकतं, फाटतं, किडीच्या पोटात जातं; पण आखडतं? त्यांनी सरळ घरी फोन लावला.

"बाबा, मोजलंत कसं?"

"जसं मोजतात तसं. वर पाच धरले."

"पाच कसले?"

"अगं, वाढत्या अंगाचं आहे ते! शाळेचा गणवेश शिवताना नेमक्या मापाचा शिवतो का कुणी? दोन महिन्यांत आखूड होतो."

सूनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "सगळ्या पानांना पाच?"

"छे! मला काय वेडा समजलीस? खालच्या पानांना एकच, शिलाईपुरता. त्यांची वाढ संपलेली."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पान खोडापासून सुटतं तिथे गळपट्टी असते ना, ती नीट बाहेर येऊन बसली की कपडा पुरा झाला. ज्याचा गळा अजून आतच आहे, ते बुडातून वर सरकतंय. दिसतं की!"

सूनबाईंनी आकड्यांची वही पुढे ओढली. गळा दिसला की पान पूर्ण वाढलं, हे शिकायला त्यांना कॉलेजात अख्खं सत्र लागलं होतं. पण आता हिशेब सोपा होता. गळा बसलेल्या पानांतून एक वजा, बाकीच्यांतून पाच. तासाभरात चारही दिवसांचे आकडे जागेवर आले आणि खताची जादू मात्र पार उतरली.

साहेबांचा चेहरा पडला. वरच्या साहेबांना पुन्हा फोन करणं आलं. तो करण्याआधी त्यांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं.

"काका, तुमच्या त्या पाचामुळे माझी शोभा झाली."

सासऱ्यांनी सातव्या रोपाकडे बोट दाखवलं. चौकशी होईपर्यंत दोन दिवस गेले होते आणि ते पान सत्तावन्नावर पोचलं होतं.

"शोभा कसली साहेब? मी त्रेपन्न लिहिले. शिवलं असतं, तर आज उसवायला लागलं असतं."