आक्काबाईंचे नाक आणि कांद्याची चाळ

मित्रांनो, आक्काबाईंच्या चेहऱ्यावर साठ वर्षे बसलेले मी एक जुने नाक आहे. बाहेरून तुम्हाला दिसतो तो नुसता शेंडा, चमकी आणि दोन नाकपुड्या. खरा संसार आत आहे. मधोमध पडदा, दारात धूळ अडवणारे केस, पुढे ओलसर अस्तर आणि दोन्ही भिंतींवर तीन-तीन मांसल वळ्या. आलेली हवा त्यांच्यावरून ऊबदार होऊन फुप्फुसांकडे जाते. पार वर, छताला, नखाएवढी वासाची जागा आहे. तिथले मज्जातंतू हाडाच्या बारीक भोकांतून मेंदूला निरोप देतात.

घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर माझा दरारा होता. आक्काबाई सकाळी अनशापोटी कांदे साठवलेल्या चाळीच्या कडेने चालायच्या आणि आत कुठे सड लागली ते मला बाहेरूनच कळायचे. एरवी मला कुठेही खुपसले की लोक नावे ठेवतात; इथे मात्र शेजारीपाजारी मानाने बोलवायचे.

मग एका हिवाळ्यात सर्दी झाली आणि मेडिकलमधून थेंबांची बाटली आली. दोन थेंब पडले की वळ्या आकसायच्या, वाट मोकळी व्हायची. औषध उतरले की त्या आणखी सुजायच्या, म्हणून पुन्हा थेंब. दोन वर्षे बाटली सुटली नाही. हवा छतापर्यंत पोहोचेना. आक्काबाईंना वास येईनासा झाला, पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटायचे.

यंदा शेजारचा रंगनाथ आला. "आक्का, आमची चाळ हुंगून द्या. तुमी म्हनाल तर कांदा ठिवतो, न्हाईतर उद्या टेम्पो बोलावून इकतो."

आक्काबाई चाळीला फेरी मारून आल्या. 'बरी हाय' म्हटले असते तर मान राहिला असता. पण रंगनाथचे सारे वर्ष त्या चाळीत होते.

"मला वासच येत न्हाई रं," त्या म्हणाल्या. "लई दिस झालं. तू चाळ उकलून बघ."

"मंग आदी का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

रंगनाथनेच त्यांना नगरला नाकाच्या डॉक्टरांकडे नेले. थेंब बंद झाले, मिठाच्या पाण्याने धुणे सुरू झाले. सुरुवातीला मी पुरते चोंदलेले, म्हणून आक्काबाईंना तोंड उघडे ठेवून झोपावे लागले. सूज हळूहळू उतरली.

परवा आक्काबाई आपल्या चाळीपाशी थबकल्या. आत हात घालून त्यांनी एक मऊ पडलेला कांदा काढला आणि माझ्यापाशी धरला. घाणेरडा, आंबूस वास!

"रुपाली, कांदा सडलाय गं!" सुनेला हाक मारताना त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, प्रत्येकाला असा पुन्हा वास येऊ लागतोच असे नाही. म्हणून विनवतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाकात काही घालू नका. आणि वास येईनासा झाला, तर लाजू नका. घरच्यांना सांगा.