मधला ठिपका

तिने घंटीवर बोट ठेवलं आणि ते उचलायच्या आतच दार उघडलं.

“या. चपला राहू देत पायात. आधी आतली खोली बघा, मग माझी, मग स्वयंपाकघर. न्हाणीघराचा दिवा बाहेरून लागतो.”

बोलणारी बाई साठीची असेल. गळ्यात मोजपट्टी, ओठांत धरलेली टाचणी आत्ता काढून तिने बाहीत खोचली होती. मागे शिलाई मशीन, आणि त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशांचा कमरेएवढा ढीग.

“मी अजून काही विचारलंच नाही,” ती म्हणाली.

“विचारणार काय, तेच. घरातलं कोणीतरी हरवलंय आणि नकाशावर ठिपका माझ्या घरावर आहे. बघून घ्या एकदाचं. मला मेलीला संध्याकाळपर्यंत चाळीस शर्ट द्यायचेत.”

आता खरं तर तिने तिथेच सांगून टाकायला हवं होतं. सांगायलाच आली होती ती. पण पाय आत गेले.

ती आतल्या खोलीत आली. कपाटांची सगळी दारं सताड उघडी होती, बिजागरीला दोरीने बांधून ठेवलेली, लोकांना उघडावी लागू नयेत म्हणून. पलंग चारही पायांखाली विटा लावून उंच केला होता. कोणाला वाकायला नको, खालचं उभ्यानेच दिसावं. फरशीवर दारापासून पलंगापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून परत दारापर्यंत एक पट्टा झिजून फिका पडला होता. लोक एकाच वाटेने फिरून गेले होते. तीही त्याच वाटेने फिरली. पलंगाखाली तिने पाहिलं. काही नव्हतं, आणि नसणार हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

कारण तो ठिपका तिनेच टाकला होता.

तिचं कामच ते. लोक समाजमाध्यमांवर दिवसभर काय काय लिहितात: नळ फुटला, झाड पडलं, अमक्या चौकात गाड्या अडकल्यात. तिच्या कार्यालयातलं यंत्र त्या मजकुरातून जागेचे शब्द वेचून काढतं आणि नकाशावर ठिपका ठेवतं. यंत्र अडलं की माणूस बघतं. ते माणूस म्हणजे ती. हरवलेल्यांची खातीही घरचे लोक तिथे नोंदवून जातात. त्या हरवलेल्यांनी कुठे काही लिहिलं तर नकाशावर नावासकट दिसतं, आणि नकाशा सगळ्यांना खुला. कार्यालयाचा एकच नियम भिंतीवर लावलेला आहे: मजकुरात नाही ते नकाशात नाही.

पण मजकुरात नुसतंच शहर असेल तर? ‘शहरात परत आलोय’, ‘या शहराचा कंटाळा आला’ असं लोक लिहितातच. यंत्राला कुठेतरी ठिपका ठेवणं भाग होतं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवण झाल्यावर, शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिला म्हणाला होता, “मधोमध कुठेतरी टाक गं, काय फरक पडतो?” तिने नकाशा मोठा केला, करड्या रंगाच्या एका छपरावर बाण नेला आणि दाबलं. बडीशेप खात खात. त्यानंतर ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही ते सगळे त्या छपरावर जाऊन पडत राहिले. छपराखाली कोणी राहत असेल हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

आणि चार दिवसांपूर्वी तिथे तिचा भाऊ पडला.

त्याला घरात सगळे सुतळी म्हणत, इतका बारीक. लिफ्ट दुरुस्त करायचा. काम सुटलं आणि आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग एका सकाळी अंथरूण रिकामं. पोलिसांत कळवून झालं, मित्रांकडे फोन करून झाले. पंधराव्या दिवशी त्याच्या खात्यावर एक ओळ उमटली: ‘शहरातच आहे. कुठे ते मलाही नीट सांगता येणार नाही.’ यंत्राने एकच शब्द वेचला आणि त्याला मधोमध नेऊन ठेवलं.

आईने नकाशा पाहिला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. “अगं, सापडला! तुझ्याच नकाशावर आहे, बघ!” त्या ठिपक्याला काही अर्थ नाही हे तिने आईला तीन वेळा समजावून सांगितलं. आईने तीन वेळा मान हलवली आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. “तू जाऊन तर ये. मग जेवते मी.” चौथ्या दिवशी ती हरली आणि आली.

“झालं बघून?” शिवणवाली बाई मशीनवर बसून होती. पायाखालची पट्टी हलतच होती. “नाही ना कोणी? चहा ठेवलाय. रडायचं असेल तर खिडकीजवळची खुर्ची बरी, तिला हात आहेत.”

“मला रडायचं नाहीये, मावशी. मला सांगायचंय काहीतरी.” ती मशीनपाशी येऊन उभी राहिली. “तो ठिपका चुकीचा आहे. इथे कोणीच नसतं. ज्यांचा पत्ता कळत नाही त्या सगळ्यांना आम्ही मधोमध ठेवतो. आणि मधोमध म्हणजे कुठे, ते… ते मी ठरवलं होतं.”

मशीन थांबलं.

“तुम्ही?”

“हो.”

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घेतात तसं.

“कमाल झाली! मी इतकी वर्षं यंत्राला शिव्या घालतेय. वाया गेल्या म्हणायच्या.” ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. “पहिल्या वर्षी मी दार लावून घ्यायचे. एक गृहस्थ अख्खा दिवस पायरीवर बसले, मुलीसाठी. संध्याकाळी म्हणाले, आत आहे हो ती, तुम्ही लपवलीय. मी त्यांना घर दाखवलं. तेव्हापासून सगळ्यांना दाखवते. आता मला स्वतःच्या घरात एकटं वाटतच नाही. भाजी चिरताना वाटतं, कोणीतरी आहे बरं का मागच्या खोलीत. एवढे लोक आपलं माणूस इथेच आहे म्हणून छातीठोकपणे सांगतात, तर एखादा असेलही की.”

“मी काढून टाकते. आजच. मला माफ करा.”

“काढा बाई. पण आलाच आहात तर रीत पुरी करून जा. तुमचं माणूस किती उंच?”

“म्हणजे?”

बाईने आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. आत जाताना तिचं लक्षच गेलं नव्हतं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यापासून थेट डोक्याच्या वरपर्यंत, खडूच्या आडव्या रेघा होत्या. शिंपी कापडावर ओढतात त्या चपट्या खडूच्या. शेकड्याने असतील. काही इतक्या खाली होत्या की तिने तिकडे बघणं टाळलं.

“लोक हाताने दाखवतात ना, एवढा उंच होता, एवढी उंच होती. माझी सवय, मी खूण करते. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. आणि त्यांनाही बरं वाटतं हो. माणूस नाही तर नाही, पण इथपर्यंत आहे असं म्हणता येतं.”

हे वेड्यासारखं आहे, ती मनात म्हणाली. तरीही चौकटीपाशी गेली. सुतळी तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिने हात वर नेला, त्याच्या डोक्यावर ठेवायची तसा तळहात पालथा केला आणि चौकटीला टेकवला.

“इथपर्यंत.”

बाई खडू घेऊन जवळ आली आणि थांबली. तिच्या तळहाताखाली आधीच एक रेघ होती. बाकीच्या पांढऱ्या होत्या, ही निळी. आणि बाकीच्या जरा तिरक्या, ही एकदम सरळ.

“ही कोणाची?” तिने विचारलं.

बाईने खडू खिशात टाकला.

“डावा खांदा उतरलेला आहे का त्याचा? अवजारांची पिशवी वागवून होतो तसा?”

तिने चौकटीवरचा हात काढला. हे तिने सांगितलं नव्हतं. नोंदीत नव्हतं, मजकुरात नव्हतं, कुठेच नव्हतं.

“परवा दुपारी आला होता,” बाई म्हणाली. “बाकीच्या खुणा मी हात बघून केल्यात. ही एकच माणूस उभं करून केलीय.”

“इथे? इथे कसा येईल तो? मावशी, हा ठिपका खोटा आहे. मी सांगतेय ना तुम्हाला, मीच टाकलाय!”

“तेच तर. मी नेहमीसारखं विचारलं, कोणाला शोधताय? तर फोन पुढे केला. म्हणाला, नकाशावर मी इथे आहे म्हणे. म्हणून बघायला आलो.”

रस्त्यावरून एक गाडी गेली. आतल्या खोलीत उघड्या कपाटाचं दार दोरीला ताण देऊन किंचित हललं.

“मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही. नीट बघितलं त्याने. सगळ्यांच्या दुप्पट वेळ लावला. कपाटात डोकावला, पलंगाखाली बघितलं, न्हाणीघराचा दिवा लावून उभा राहिला. स्वयंपाकघराचं दार माझं कित्येक वर्षं अडकायचं. ते त्याने दोनदा हलवलं, खिशातून काहीतरी काढलं आणि बिजागरी नीट करून दिली. न सांगता. मग इथे चौकटीपाशी आला आणि म्हणाला, माझीही खूण करा. मी केली.”

“आणि मग?”

“मग चपला झटकल्या. ‘नाही, इथेही नाही’ म्हणाला आणि गेला.”

ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. हातांची खुर्ची. रडायचं नाही म्हणाली होती, पण रडली, चांगली हुंदके देऊन. तो जायच्या आदल्या रात्री तीच बोलली होती त्याला. थकून आली होती, जेवणं उरकायची होती आणि हा तसाच भिंतीकडे तोंड करून. “तू घरात असून नसल्यासारखाच आहेस,” ती म्हणाली होती. आईला हे आजवर सांगितलेलं नव्हतं. आता तिला कळलं की त्याने ते ऐकलं होतं, आणि खरं मानलं होतं, आणि आता तो स्वतःला शोधत फिरत होता. तिच्या नकाशावर विश्वास ठेवून.

बाईने चहाचा कप खिडकीत ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने डोळे पुसून तिने पिशवीतून लॅपटॉप काढला. मधला ठिपका उघडला. त्यावर रचलेली नावं खाली खाली सरकत गेली आणि सगळ्यात वर सुतळीचं खरं नाव होतं. तिने ते एकट्याचं उचललं. हाताने ठिपका हलवायचा अधिकार तिला होता, पण इतक्या वर्षांत मजकुराबाहेर एक बोटभरही तिने कोणाला हलवलं नव्हतं. नदी ओलांडली, बाजार ओलांडला, वरून ओळखू येणारी ती गोल पाण्याची टाकी शोधली. टाकीच्या डावीकडचं त्यांचं स्वतःचं घर. चौथा मजला. तिथे त्याला ठेवलं.

यंत्राने नेहमीची चौकट पुढे केली: कोणत्या शब्दांच्या आधारे?

बोटं थोडी थबकली. मग तिने लिहिलं, ‘बहीण सांगते’, आणि नोंद पक्की केली.

“आणि माझं काय?” मशीनवरून आवाज आला.

“संध्याकाळपर्यंत तुमचं घर मोकळं करते, मावशी. शब्द देते.”

तिने आईला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“सापडला का गं?”

“आई, ऐक. तू घरातून कुठे जाऊ नकोस. दाराची कडी काढून ठेव. तो येईल बहुतेक. आज, उद्या, सांगता येत नाही. आला की बोलू नकोस, रडू नकोस, जवळ घेऊ नकोस. त्याला घरभर फिरू दे. त्याला बघायचंय काहीतरी.”

“काय बघायचंय? स्वतःच्या घरात काय बघायचंय त्याला?”

तिने सांगितलं. होतं तसं, स्वतःच्या त्या वाक्यासकट. पलीकडून दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

“आणि सगळं बघून झालं,” आई हळूच म्हणाली, “आणि तो इथेही नाही म्हणाला तर?”

“तर म्हण, परत एकदा बघ. मी जेवायला वाढते तोवर.”