तिसऱ्या घरातली सातवी

रविवारी दुपारी पीएच.डी.चे गाइड डॉ. उमाशंकर मुंगी यांचा मेसेज आला आणि अल्पनाच्या तोंडाची चवच गेली.

'बेटा, माझे बेचाळीस पेपर ग्रुप लायब्ररीत टाक. मग तुझ्या थिसिसमध्ये जागा बघून सगळे संदर्भ म्हणून जोडून दे. सोमवारी सही करतो.' खाली एक गुलाबाचं फूल.

जागा बघून! थिसिस म्हणजे काय देवास-इंदूरची बस आहे, दिसली फट की कोंबला माणूस? पण बोलणार कोण? सहा वर्षं उदयनगरच्या जंगलात पायपीट करून, तिथले लोक कोणते कंद खातात ते अल्पनानं गोळा केलं होतं. आता फक्त गाइडची सही बाकी होती. ती जूनच्या आत झाली नाही तर मुदत संपणार, आणि सहा वर्षं गेली चुलीत. सरांना हे पक्कं ठाऊक, म्हणून तर गुलाब.

ती देवासच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. संदर्भांचं हे सॉफ्टवेअर तसं सोयीचं. पेपरची फाइल ओढून आत सोडली की लेखक, वर्ष, नियतकालिक, सगळं आपोआप भरलं जातं. सरांचे अकरा विद्यार्थी आणि खुद्द सर, सगळ्यांची मिळून एकच लायब्ररी. कोणी काही टाकलं की बाकीच्यांना लगेच दिसतं.

एकेक पेपर आत जात होता. एकच लेख तीन मथळ्यांखाली. एकच नकाशा चार ठिकाणी. शी! शिळ्या कढीला ऊत आणावा तर किती वेळा? समोर सासूबाई हाताला तेल चोळून गराडूचे कंद सोलत होत्या, नाहीतर खाज सुटते. कोचावर मामंजी कृष्णराव वर्तमानपत्र वाचत पडले होते.

सत्ताविसावा पेपर १९९२चा. सरांचं नाव ज्यानं झालं, तो हाच. वाकडीतिकडी झेरॉक्स स्कॅन केलेली, त्यामुळे सॉफ्टवेअरनं काहीच भरलं नाही. मथळ्यापासून गोषवाऱ्यापर्यंत सगळं हातानं टाइप करणं आलं. अल्पना वैतागून मोठ्यानं वाचत टाइप करू लागली.

"कडू कंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून..."

"टोपलीत भरून तीन रात्री वाहत्या ओढ्यात ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "वर दगड ठेवतात, नाहीतर टोपली वाहून जाते."

अल्पनानं स्क्रीनकडे पाहिलं. पुढचं वाक्य तेच होतं, दगडासकट.

"आत्याबाई, तुम्हाला कसं माहीत?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तिसऱ्या घराचा तक्ता आहे का गं त्यात? माणसं किती लिहिलीत?"

"सात." अल्पनानं खालची टीप वाचली. नवरा, बायको, म्हातारी सासू, तीन पोरं. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "पण ही तर सहाच होतात."

"सातवी मी. त्या घरच्या बाईनं मला पंगतीत धरल्याशिवाय मोजूच दिलं नाही. म्हणाली, आज चुलीवर सात जणांचं शिजलंय, सातच लिही. मग मीही लिहिलं सात."

बोलता बोलता त्या उठल्या, आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी घेऊन आल्या. तळाशी टाइप केलेल्या निबंधाची कार्बन कॉपी होती, निळी, फिकटलेली. एम.ए., धार, १९८८. मथळा तोच. तक्ता तोच. सहा माणसं, बेरीज सात. खाली विद्यार्थिनीचं नाव प्रमोदिनी उदाजीराव जगदाळे, आणि मार्गदर्शक उमाशंकर मुंगी.

"प्रमोदिनी कोण?"

"मीच. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सरला लिहिलं. त्यानंतर मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. माहेरीसुद्धा ताईच."

अल्पनानं मार्गदर्शकाचं नाव पुन्हा वाचलं. त्या माणसाच्या घरी तिनं दिवाळीला फराळ नेला होता. वाकून नमस्कार केला होता. आणि त्यानं आपल्याच विद्यार्थिनीचं जेवण चोरलं, चाटून पुसून खाल्लं, वर तिची बेरीजसुद्धा तपासली नाही!

"माझ्या वह्याही त्यांच्याकडेच राहिल्या," सासूबाई म्हणाल्या. "मागायला गेले तर म्हणाले, घरून परवानगी मिळाली आहे. मला वाटलं, बाबांनी दिली असेल."

कोचावर पेपर सळसळला.

"मी दिली होती," मामंजी पेपराआडूनच म्हणाले. "साखरपुड्यात मुंगी भेटले, म्हणाले भिया, त्या वह्या राहू देऊ का माझ्याकडे? म्हटलं ठेवा. लग्नानंतर हिला काय करायच्या होत्या? आता उकरून काय फायदा? अल्पना, तू सही घे आणि मोकळी हो."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भाजीत अळी निघावी तसं पाहिलं. छत्तीस वर्षं बाबांवर राग धरला होता त्यांनी. बाबा जाऊनही नऊ वर्षं झाली होती.

कार्बन कॉपीच्या पानापानाचे अल्पनानं मोबाइलवर फोटो काढले, फाइल केली आणि लायब्ररीत सोडली. लेखकाच्या रकान्यात जगदाळे, प्रमोदिनी उदाजीराव. वर्ष १९८८. मथळा एकच, म्हणून लगेच सॉफ्टवेअरनं दोन्ही नोंदी 'डुप्लिकेट'च्या यादीत शेजारी शेजारी आणून बसवल्या.

दहा मिनिटांत फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"अगं बेटा, ते जुनं काय टाकलंस? डुप्लिकेट दाखवतंय. सगळी पोरं बघतायत. मर्ज करून टाक, माझी नोंद ठेव. उद्या सही आहे ना तुझी?"

"करते, सर. फक्त एक शंका आहे. तिसऱ्या घरात माणसं किती?"

"सात. छापलंय की."

"नावं सहाच आहेत. सातवं कोण?"

"छपाईची चूक असेल. इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं?"

"मला आठवतं, सर," सासूबाई फोनवर वाकून म्हणाल्या. "मी प्रमोदिनी जगदाळे बोलतेय. सातवी मी."

पलीकडून फोन कट झाला.

"तो आता सही करत नाही," अल्पना म्हणाली.

"नाहीच करणार. दुसरा गाइड मागू. अर्ज लिही, साक्षीला मी येते." सासूबाईंनी तेलकट हात पदराला पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला. लेखकाच्या रकान्यातलं नाव त्यांनी ओठातल्या ओठात वाचलं. पुन्हा वाचलं.

"सरला," मामंजींनी हाक मारली, "त्या गराडूचं काय झालं? तळणार आहेस ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुम्हीच सोला," म्हणाल्या, "आधी हाताला तेल लावा."