पुतळीची आखणी

मनस्वीने बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि मागे वळून पाहिलं.

"जगनकाका, चित्रासमोर नका उभं रावू. आखणी करताना समोर कोणी नको."

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात बारा वर्षं गणपतीचे डोळे आखून तिचा हात बसला होता. डोळे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा मूर्तीसमोर कोणी उभं राहायचं नाही. नजर त्याच्यावरच ठरते म्हणतात. आज मूर्ती नव्हती, भिंतीवर टाचलेला नुसता कागद होता. पण सवय थोडीच सुटते!

कागदावर खाडीचा बांध होता आणि बांधावर बसलेली पुतळी, प्रविणची आई. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, काळोख पडल्यावर, मिठागरात पाणी घेतात त्या उघाडीपाशी ती बुडाली. नवरा जगन तेव्हा पेणला गेलेला. बांधावर तिचा मोबाईल तेवढा सापडला, त्यात तिने गुणगुणलेलं एक गाणं. धाटावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या प्रविणने आणि त्याच्या बँडने त्याच गाण्याभोवती पहिला अल्बम केला होता. मुखपृष्ठावर आईच हवी, हा त्याचा हट्ट. चेहरा जमलाय का ते सांगायला त्याने बापाला मुद्दाम आणलं होतं.

"तशीच हाय," जगन पुटपुटला. जागचा मात्र हलला नाही.

मनस्वीने नाद सोडला. पुतळीची नजर खाडीकडे लावायची, असं तिने पक्कं ठरवलं होतं. दोन्ही बुबुळं भरून तिने ब्रश उचलला, तर पुतळी थेट जगनकडे बघत होती.  मनस्वीचा हात असा कधीच चुकला नव्हता.

जगन डावीकडे सरकला. मग उजवीकडे, रंगाचे डबे लाथाडत. नजर काही त्याला सोडेना.

"पूस ते डोळे, पोरी."

"काय झाला, बाबा?" प्रविणने मागून विचारलं.

जगनने ते ऐकलंच नाही. तो कागदाशी बोलत होता.

"काळोख व्हता गो. तुला मी दिसलोच नसन."

प्रविणच्या मोबाईलवर मघापासून आईचं गाणं चालू होतं. त्याने ते बंद केलं.

"बाबा, तू त त्या दिवशी पेणला व्हतास ना?"

जगन तसाच उभा राहिला. पोराकडे बघायचं तर त्या डोळ्यांकडे पाठ करावी लागली असती, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.